न्गुयेन : एक आडनाव, अनेक घराणी. व्हिएतनामी नाव वाचायला शिकताना

हो ची मिन्ह शहराचा, म्हणजे जुन्या सायगावचा नकाशा मोबाइलवर उघडा आणि मध्यवस्तीत बोट फिरवा. न्गुयेन ह्वे, न्गुयेन त्राय, न्गुयेन जू, न्गुयेन दिन्ह च्येउ, न्गुयेन थी मिन्ह खाय, न्गुयेन वान त्रोय. रस्त्यांच्या निळ्या पाट्यांवर हा एक शब्द सतत भेटत राहतो. पहिल्यांदा जाणाऱ्या माणसाला वाटतं, कुणा एका मोठ्या घराण्याने अख्खं शहर व्यापलंय. मलाही तसंच वाटलं होतं. पुढे व्हिएतनामी सहकाऱ्यांबरोबर काम करू लागलो, थोडी भाषा शिकलो, तेव्हा कळलं की या पाट्यांवरची माणसं एकमेकांची कुणीच लागत नाहीत. त्यांतल्या काहींच्या कुळांमध्ये तर रक्ताचं वैर होतं.

फिरायला, शिकायला किंवा नोकरीच्या निमित्ताने तुमचा व्हिएतनामी लोकांशी संबंध येणार असेल, तर सुरुवात याच आडनावापासून करा. ते नीट कळलं की बाकीची नावं वाचणं पुष्कळ सोपं होतं.

पायरी १ : आधी उच्चार तोंडात बसवा

रोमन लिपीत हे आडनाव सहा अक्षरांचं आहे : एन, जी, यू, वाय, ई, एन. त्यातल्या ई वर एक छोटी टोपी असते आणि टोपीच्या वर लाटेसारखी रेघ. आपल्याकडच्या बातम्यांत ते न्गुयेन, गुयेन, नुयेन असं कसंही छापलं जातं. मीही इथे न्गुयेन लिहितोय, कारण वाचकांच्या डोळ्यांना तेच सवयीचं आहे. बोलताना मात्र त्यात ‘गु’ नाही आणि ‘नु’ही नाही.

मराठी माणसाची इथे मोठी सोय आहे. क ख ग घ नंतरचा ङ शाळेत पाठ केला आणि मग विसरून गेलो, तोच इथे लागतो. ‘वाङ्मय’ हा शब्द सावकाश म्हणा. ‘वाङ्’वर थांबा. जिभेची मागची बाजू टाळूला टेकली आहे आणि आवाज नाकातून येतोय, हे जाणवेल. तो आवाज तसाच धरून ठेवा, आधीचा ‘वा’ मनातून पुसून टाका, ओठ गोल करा आणि तिथूनच एका दमात ‘वियेन’ म्हणा : ङ्वियेन. अख्खं आडनाव एकाच झटक्यात संपलं पाहिजे. न-गु-ये-न असे तुकडे पाडलेत की ऐकणारा बुचकळ्यात पडतो. इंग्रजीभाषक माणसाला शब्दाच्या सुरुवातीला ङ काढायला फार कष्ट पडतात. आपल्याला तो दहा मिनिटांच्या सरावाने जमतो.

आता सूर. हनोईकडच्या बोलीत सहा सूर आहेत आणि ती लाटेची रेघ त्यांतल्या एकाची खूण आहे. आवाज वर चढायला लागतो, मध्येच घशात क्षणभर अडकतो आणि पुन्हा वर जातो. दक्षिणेत हा अडथळा नसतो, आवाज किंचित खाली जाऊन वर येतो. शिवाय तिकडे शेवटचा न बदलून ‘ङ्वियेङ’च्या जवळ जातो. दोन्ही उच्चार बरोबरच आहेत. तुम्ही जिथे राहणार असाल तिथला उचला.

सूर चुकला तर शब्दच बदलतो. रेघ काढून सपाट सुरात म्हटलंत तर ‘मूळचा, अख्खा’ अशा अर्थाचा शब्द होतो. जड, खाली दाबलेल्या सुरात म्हटलंत तर ‘मनोमन प्रार्थना करणं’ असा. आडनाव या दोन्हींहून वेगळं आहे.

अमेरिकेत किंवा ऑस्ट्रेलियात वाढलेली व्हिएतनामी माणसं स्वतःचं आडनाव ‘विन’ किंवा ‘नु-विन’ असं सांगतात. त्यांना दुरुस्त करायला जाऊ नका. ज्याचं नाव, त्याचा उच्चार.

पायरी २ : नाव कुठून वाचायचं ते ठरवा

व्हिएतनामी नावात आडनाव पहिलं, मधलं नाव मध्ये आणि स्वतःचं नाव शेवटी. आपल्या शाळेच्या हजेरीपटात ‘पाटील संजय रामचंद्र’ असं लिहीत, त्यामुळे आडनाव आधी येण्याचं नवल आपल्याला वाटायला नको. फरक पुढे आहे. आपल्याकडे शेवटी वडिलांचं नाव येतं, तिथे शेवटी त्या माणसाचं स्वतःचं. मधल्या शब्दाचा वडिलांच्या नावाशी संबंध नसतो.

एक पाटी जवळून वाचू : न्गुयेन थी मिन्ह खाय. ही फ्रेंचांविरुद्ध लढलेली क्रांतिकारक. १९१० चा जन्म, १९४१ मध्ये फ्रेंचांनी तिला गोळ्या घातल्या. ‘न्गुयेन’ हे आडनाव. ‘थी’ हा स्त्रियांच्या नावात मध्ये येणारा जुना शब्द, त्यावरून नाव बाईचं आहे हे लगेच कळतं. पुरुषांच्या नावात तसाच ‘वान’ येतो. नव्या पिढीतले आईबाप हे दोन्ही शब्द कमी वापरतात, त्यामुळे ‘थी’ दिसला नाही म्हणून पुरुष असं धरून चालू नका. उरलं ‘मिन्ह खाय’, म्हणजे तिचं नाव. टॅक्सीवाल्याला रस्ता सांगताना ‘मिन्ह खाय’ पुरतं. नुसतं ‘न्गुयेन’ सांगितलंत तर त्याला काहीच कळणार नाही.

बुद्धिबळ पाहणाऱ्यांना हे आधीच ठाऊक असेल. ले क्वांग लिएम याला समालोचक ‘लिएम’ म्हणतात, कारण ‘ले’ आडनाव आहे. न्गुयेन न्गोक त्रुओंग सोन या ग्रँडमास्टरचं नाव ‘त्रुओंग सोन’, दोन शब्दांचं.

एक सावधगिरी. सेनापती वो न्गुयेन झाप यांच्या नावातला मधला शब्द पाहून पुष्कळ जण फसतात. तो सपाट सुरातला वेगळा शब्द आहे आणि त्यांचं आडनाव ‘वो’ आहे. २०१० मध्ये हैदराबादच्या गणित परिषदेत फील्ड्स पदक मिळवणारे न्गो बाओ चाउ हेही न्गुयेन नव्हेत. ‘न्गो’ हे स्वतंत्र आडनाव आहे.

पायरी ३ : हाक मारायला शिका

आपल्याकडे ‘कुलकर्णी साहेब’, ‘अहो देशमुख’ असं आडनावाने बोलावणं हा मान आहे. व्हिएतनाममध्ये मान द्यायचा तरी नावानेच द्यायचा. देशाच्या पंतप्रधानांनाही त्यांच्या शेवटच्या नावाने ओळखतात. माजी पंतप्रधान न्गुयेन तान जुंग हे ‘श्री. जुंग’, न्गुयेन सुआन फुक हे ‘श्री. फुक’. एका खोलीत तिघे-चौघे न्गुयेन असणारच, मग आडनावाने हाक मारून उपयोग काय?

नावाआधी नात्याचा शब्द लावायचा. थोड्या मोठ्या पुरुषाला ‘अन्ह’, थोड्या मोठ्या बाईला ‘ची’. आपले दादा आणि ताईच. लहानाला ‘एम’. आजोबांच्या वयाच्या माणसाला किंवा औपचारिक प्रसंगी ‘ओंग’, तशाच बाईला ‘बा’. त्यामुळे भेटल्याबरोबर वय विचारलं जातं. त्यात आगाऊपणा नसतो. तुम्हाला दादा म्हणायचं की काका, हे ठरल्याशिवाय त्यांचं वाक्यच पुढे सरकत नाही. मराठी माणसाने इथे संकोच करायचं काही कारण नाही, आपणही भाजीवालीला मावशी म्हणतोच.

आडनावाने ओळखलं जाण्याचा मोठा अपवाद म्हणजे हो ची मिन्ह. त्यांना सगळा देश ‘बाक हो’, हो काका म्हणतो. त्यांच्याकडे आपण शेवटी परत येऊ.

ऑफिसात काम करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. फोनमध्ये किंवा यादीत फक्त आडनाव कधीच नोंदवू नका. पूर्ण नाव लिहा आणि यादी शेवटच्या शब्दाप्रमाणे लावा, तिथल्या शाळा-कॉलेजांतल्या याद्याही तशाच लागतात. आणि लग्नानंतर बाई आपलं आडनाव बदलत नाही. नवरा त्रान, बायको न्गुयेन, मुलं सहसा वडिलांच्या आडनावाची. नवरा-बायकोची आडनावं वेगळी दिसली म्हणून कागदपत्रांवर शंका घेऊ नका. एका मुंबईच्या प्रवासी कचेरीत नेमक्या याच कारणावरून एका व्हिएतनामी जोडप्याला दीड तास बसवून ठेवलेलं मी पाहिलंय. दोष त्यांच्या कागदांत काडीचाही नव्हता.

पायरी ४ : अर्थाच्या मागे फार धावू नका

रोजच्या व्हिएतनामी बोलीत या आडनावाला अर्थ नाही. ते एका चिनी अक्षराचं व्हिएतनामी वाचन आहे. तेच अक्षर मँडरिनमध्ये ‘रुआन’ वाचतात आणि चीनमध्येही ते आडनावच आहे. मुळात ते आजच्या कान्सू प्रांतातल्या एका छोट्या प्राचीन राज्याचं नाव होतं. राज्य बुडालं आणि तिथल्या लोकांनी राज्याचं नाव आडनाव म्हणून लावलं.

‘न्गुयेन म्हणजे तंतुवाद्य’ असं ठिकठिकाणी वाचायला मिळतं. हे उलट आहे. तिसऱ्या शतकात चीनमध्ये रुआन शिएन नावाचा संगीतज्ञ होऊन गेला. गोल पोटाचं, छेडून वाजवायचं एक वाद्य तो अप्रतिम वाजवायचा, म्हणून पुढे त्या वाद्यालाच ‘रुआन’ म्हणू लागले. आडनावावरून वाद्य आलं.

लिपीचा रस्ता मात्र आपल्या जवळून जातो. पूर्वी हे आडनाव चिनी अक्षरात लिहीत. सतराव्या शतकात जेझुइट पाद्र्यांनी व्हिएतनामीसाठी रोमन लिपी बसवली. त्यांतल्या आलेक्सांद्र द रोद याने १६५१ मध्ये रोममध्ये व्हिएतनामी-पोर्तुगीज-लॅटिन शब्दकोश छापून घेतला. हा माणूस व्हिएतनामला पोचण्याआधी, १६१९ मध्ये गोव्यात उतरला होता आणि काही काळ तिथे राहिला होता. आज न्गुयेनच्या डोक्यावर दिसणारी टोपी आणि लाट या खटाटोपातूनच आली.

पायरी ५ : इतके न्गुयेन आले कुठून, हे समजून घ्या

इथे घाई करू नका. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं लक्षात राहू द्या.

इ. स. पू. १११ ते इ. स. ९३८ असा जवळजवळ हजार वर्षांचा काळ उत्तर व्हिएतनामवर चिनी सत्ता होती, आणि चिनी पद्धतीची आडनावं त्या कारभाराबरोबर रुजली. दहाव्या शतकात, चिनी सत्ता गेल्यानंतरच्या बेबंदशाहीत, बारा सरदारांनी देश वाटून घेतला होता. त्यांत न्गुयेन आडनावाचे सरदार होते. त्यांना मोडून काढणाऱ्या दिन्ह बो लिन्ह याचा विश्वासू साथीदार न्गुयेन बाक हाही न्गुयेनच. म्हणजे नाव जुनं आहे, पण त्यावरून आजची संख्या उलगडत नाही. ती उलगडते राजघराणी पडण्याच्या इतिहासातून.

१२२५ च्या सुमारास ली घराण्याची सत्ता गेली आणि त्रान घराणं आलं. खरी सूत्रं त्रान थू दो नावाच्या अत्यंत कठोर माणसाच्या हातात होती. १२३२ मध्ये फर्मान निघालं : ली आडनावाच्या सगळ्यांनी ते टाकून न्गुयेन लावावं. कारण दाखवलं ते असं, की नव्या राजाच्या पूर्वजाच्या नावात ‘ली’ आहे, ते प्रजेच्या तोंडी नको. खरा हेतू उघड होता. जुन्या राजाची आठवण जिभेवरूनच पुसून टाकायची. ली घराण्यातला एक राजपुत्र जहाजाने निघून थेट कोरियात पोचला. त्याचे वंशज कोरियात ह्वासान गावचे ली म्हणून आजही नांदतात आणि १९९० च्या दशकात ते आपल्या पूर्वजांच्या दिन्ह बांग गावी येऊन माथा टेकवून गेले. जे मागे राहिले ते न्गुयेन झाले.

मग हा पायंडाच पडला. १४०० मध्ये हो क्वी ली याने गादी घेतली, १४०७ मध्ये चीनच्या मिंग सैन्याने त्याला कैद करून नेलं. मागे उरलेल्या हो मंडळींपैकी पुष्कळांनी न्गुयेन लावलं. १५९२ मध्ये माक घराण्याच्या हातून राजधानी गेली. माक वंशजही न्गुयेन झाले. १८०२ मध्ये न्गुयेन घराण्याचाच सम्राट झाला, तेव्हा त्यांच्या जुन्या वैऱ्यांपैकी, उत्तरेतल्या त्रिन्ह सरदारांपैकी कित्येकांनी सूडाच्या भीतीने वैऱ्याचंच आडनाव पांघरलं. गर्दीत मिसळून जायचं तर सगळ्यांत मोठ्या गर्दीत मिसळावं. हे शहाणपण प्रत्येक पडलेल्या घराण्याला सुचलं आणि गर्दी वाढतच गेली.

राजाश्रयाने उरलेलं काम केलं. १८०२ ते १९४५ न्गुयेन घराणं ह्वे शहरातून गादीवर होतं, शेवटची साठेक वर्षं फ्रेंचांच्या मुठीत. चाकरीवर खूश होऊन राजाने आपलं आडनाव बहाल करणं हा सन्मान होता. ३० ऑगस्ट १९४५ रोजी शेवटचा सम्राट बाओ दाय याने ह्वेच्या राजवाड्याच्या दरवाजावर गादी सोडली. न्गुयेनांचं राज्य संपलं, आडनाव तोवर घरोघरी पोचलं होतं.

उलटा प्रवासही घडला. महाकवी आणि मुत्सद्दी न्गुयेन त्राय याच्यावर १४४२ मध्ये राजहत्येचा आळ आला आणि तीन नातेकुळांसह त्याचा निर्वंश करण्याची शिक्षा झाली. वाचलेला मुलगा आईचं फाम हे आडनाव लावून लपून राहिला असं सांगतात. १४६४ मध्ये राजा ले थान्ह तोंग याने तो कलंक धुऊन काढला. जीव वाचवायला कुणी न्गुयेन झालं, कुणाला न्गुयेन टाकावं लागलं.

पायरी ६ : आकडे हाताशी ठेवा

व्हिएतनामची लोकसंख्या २०२३ मध्ये १० कोटींवर गेली. त्यांत न्गुयेन ३० ते ४० टक्के धरले जातात, म्हणजे दहा माणसांत तीन-चार. त्यानंतर त्रान, ले, फाम, होआंग अशी रांग आहे, पण दुसऱ्या क्रमांकावरचं त्रानही दहा टक्क्यांच्या आसपासच. होआंग दक्षिणेत ह्विन्ह होतं आणि वू तिकडे वो होतं. दक्षिणेवर राज्य करणाऱ्या न्गुयेन सरदारांच्या नावांत ते शब्द होते, म्हणून प्रजेने उच्चार वाकवले. एकाच आडनावाची ही जोडरूपं आहेत एवढं ध्यानात ठेवा.

३० एप्रिल १९७५ रोजी सायगाव पडलं आणि लाखो लोक देशाबाहेर गेले. अमेरिकेच्या २००० च्या जनगणनेत न्गुयेन ५७ व्या क्रमांकाचं आडनाव होतं, २०१० मध्ये ४,३७,६४५ माणसांसह ३८ व्या. ऑस्ट्रेलियात ते अगदी वरच्या काही आडनावांत आहे. चेकियात साम्यवादी काळात कामगार आणि विद्यार्थी म्हणून गेलेल्यांमुळे ते तिथल्या नेहमीच्या आडनावांपैकी एक झालंय.

पायरी ७ : ‘कुठले?’ हे विचारा

आपल्याकडे जाधव भेटला की दुसरा प्रश्न ठरलेला : कुठले जाधव? गाव कळलं, कुलदैवत कळलं, मग भावकी आहे की नुसतं आडनाव एक आहे हे ठरतं. न्गुयेनांच्या बाबतीत हाच प्रश्न कामाचा. गाव म्हणजे ‘क्वे’. ‘तुमचं क्वे कुठलं?’ हे विचारणं तिथे आपुलकीचं मानतात.

गावात कुळाचं पूर्वज-मंदिर असतं, ‘न्या थो हो’. मूळ पुरुषाच्या तिथीला भाऊबंद तिथे जमतात. वंशावळीची वही ‘झा फा’, पुष्कळ घरांत ती चिनी अक्षरांत आहे आणि आजच्या पिढीला वाचता येत नाही. कुणी ती दाखवायला आणली तर दोन्ही हातांनी घ्या. शाखा ओळखायला मधला शब्दही मदत करतो : न्गुयेन दिन्ह, न्गुयेन हू, न्गुयेन सिन्ह. काही कुळांत तो पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. ‘वान’ मात्र इतका सर्रास आहे की त्यावरून काही ठरत नाही.

राजकुळाची रीत निराळी. सम्राट मिन्ह मांग याने १८२३ मध्ये वीस शब्दांची कविता रचून दिली आणि प्रत्येक पिढीने तिच्यातला पुढचा शब्द नावात घ्यायचा असं ठरवलं. बाओ दाय याचं जन्मनाव विन्ह थुय, पाचवा शब्द ‘विन्ह’. त्याचा मुलगा बाओ लोंग, सहावा शब्द ‘बाओ’. कविता पाठ असेल तर नावावरून पिढी मोजता येते. राजकुळातली कित्येक माणसं न्गुयेन लावतच नाहीत. १९५४ मध्ये काही महिने पंतप्रधान असलेले ब्यू लोक हे याच कुळातले, चौथ्या शब्दाचे. ‘तोन थात’ किंवा बायकांच्या नावात ‘तोन नू’ दिसलं तरी तो मूळचा राजवंशी न्गुयेन असतो.

आता नकाशावरून उठून प्रत्यक्ष न्गुयेन ह्वे रस्त्यावर या, संध्याकाळी. २०१५ पासून तो पायी फिरणाऱ्यांसाठी मोकळा केलाय, मुलं फुगे घेऊन धावत असतात. ज्याचं नाव रस्त्याला आहे तो न्गुयेन ह्वे म्हणजे १७८९ मध्ये चीनच्या चिंग सैन्याला पिटाळून लावणारा सम्राट क्वांग त्रुंग. त्याचं कूळ मूळचं न्गे आन प्रांतातलं, ‘हो’ आडनावाचं. न्गुयेन हे आडनाव त्याच्या घराण्याने नंतर लावलं. ह्वे शहरातून राज्य केलेल्या न्गुयेन राजघराण्याने १८०२ मध्ये गादी मिळवल्यावर त्याची हाडंसुद्धा उकरून काढली. एक न्गुयेन दुसऱ्या न्गुयेनाच्या थडग्यावर उठला.

रस्त्याच्या टोकाला पालिकेच्या पिवळ्या इमारतीसमोर हो ची मिन्ह यांचा पुतळा उभा आहे, हात उंचावलेला. तेही न्गे आनचेच, १८९० चा जन्म. आईवडिलांनी ठेवलेलं नाव : न्गुयेन सिन्ह कुंग.